अर्थिंगचं पाणी

चांदीनं गोठ्यातल्या हौदाला तोंड लावणं सोडलं, ते पोळ्याच्या आधीच.

कपाळावर पांढरा ठिपका, म्हणून तिचं नाव चांदी. दुसऱ्या वेताची, अंगानं भरलेली, स्वभावानं गरीब म्हैस. कासेखाली कोणीही बसा, शेपूट हलवायची नाही. पण तिला अलीकडं काय झालं होतं कुणास ठाऊक. तहानेनं जीभ बाहेर काढायची, मान लांब करून हौदापर्यंत यायची, आणि नाक पाण्याला लागलं की चटका बसल्यागत मागं उसळायची. दावणीची साखळी खळाखळा वाजायची. डोळे वटारून ती हौदाकडं बघत राहायची, मात्र पाणी काही प्यायची नाही. तिलाच बाहेर लिंबाखाली नेऊन बादली पुढं केली की एका दमात तळ दिसायचा.

"बाहेर पेती अन् आत न्हाई?" कौसल्या तिच्यावर खेकसली. "नखरे करून राह्यली का माझ्यासंग?"

वर पावसाची भुरभुर लागलेली. शेण काढायचं, कडब्याची कुट्टी करायची, मिरची तोडायला जायचं. दिवसातून कितीदा बादल्या वाहायच्या? तिनं तुऱ्हाटी उचलली आणि चांदीच्या पाठीवर दोन-तीन ओढल्या. म्हशीनं अंग चोरलं, ती खांबाला टेकली आणि टेकल्याबरोबर पुन्हा थरथरून बाजूला झाली. कौसल्यानं आणखी एक दिली.

सासू सोनूबाई ओसरीवरून म्हणाली, "मारू नको गं तिला. नजर लागली कुणाची तरी. इतकं दूध देऊन राह्यली, डोळ्यावर येतंच लोकांच्या." तिनं तिन्हीसांजेला मीठ-मोहरी उतरवून चुलीत टाकली. मोहरी तडतडली. दुसऱ्या दिवशी चांदीनं दूधही चोरलं.

कौसल्याचंही अंग बरोबर नव्हतं. धार काढताना ती खांबाला पाठ टेकायची, तेव्हा पाठीतून मुंग्या चढायच्या, कोपरापर्यंत उतरायच्या. हौदाचा लोखंडी नळ सोडला की बोटं झिणझिणायची. पाऊस असला की जास्त. तिनं नवऱ्याला सांगितलं.

"रगत कमी झालं आसंल तुझं," तो म्हणाला. "कामच किती करती तू."

पुढच्या बाजाराला तो तिला मोटारसायकलवर बसवून भोकरदनला घेऊन गेला. डॉक्टरनं डोळ्याची पापणी खाली ओढून पाहिली, लाल औषधाची बाटली आणि गोळ्या दिल्या. तेव्हापासून रोज सकाळी तो आठवणीनं विचारायचा, "औषध घेतलं का?" लग्नाला इतकी वर्षं झाली, पण तिच्या दुखण्याची अशी विचारपूस त्यानं कधी केली नव्हती. कौसल्याला बरं वाटायचं. ती नाक दाबून ते कडू-गोड औषध प्यायची आणि पदरानं तोंड पुसून गोठ्यात शिरायची.

गोठा तिचा होता. म्हणजे सातबाऱ्यावर तिचं नाव नव्हतं, पण पिंपळगाव रेणुकाईत सगळ्यांना ठाऊक होतं की गाढ्याच्या मळ्यातला तो पत्र्याचा गोठा कौसल्याच्या माहेराहून आला. तिचा बाप गेला तेव्हा धावड्याची जमीन तिच्या आणि धाकट्या भावाच्या, तातेरावाच्या नावावर लागली होती. भावकीतल्या चार बायकांनी तिला सांगितलं, हिस्सा सोडू नको. पण तातेराव तिच्या पाया पडला, लहानपणी तिच्या कडेवर वाढलेला पोरगा ओक्साबोक्शी रडला. कौसल्यानं भोकरदनला जाऊन हक्कसोड करून दिलं. कचेरीच्या पायऱ्या उतरताना तो म्हणाला, "अक्का, तुला मी उघडी सोडणार न्हाई. तुला म्हशीची हौस हाये ना, गोठा मी बांधून देतो. सिमेंट, पत्रा, लाईन, सगळं माझ्याकडं."

आणि त्यानं बांधला. घरापासून लांब, आंगण ओलांडून, मळ्याच्या कडेला. लोखंडी खांब, वर पत्रे, खाली सिमेंटचा कोबा, एका कोपऱ्यात कुट्टीची मशीन. तातेराव लायसनचा वायरमन. पंचक्रोशीत त्याच्या हाताची लाईन म्हणजे बघायला नको. घरातून गोठ्यापर्यंत त्यानं वायर ओढली तेव्हा कौसल्या खाली शिडी धरून उभी होती.

"आता अर्थिंग," तो वरून म्हणाला.

"घराला हाये ना?"

"घराची घरापुरती. गोठा अलग उभा हाये, सगळा लोखंडी, वरून खाली वल्ल. त्याला त्याची सोताची अर्थिंग पाहिजेच. वायर कुठं घासली, करंट खांबात उतरला, तर तो जमिनीत गेला पाहिजे, जनावरात न्हाई. आपुन चपला घालून फिरतो अक्का. म्हशीचे चारी पाय पाण्यात. माणसाला नुसत्या झिणझिण्या येतील तेवढ्यानं ती जागेवर जाती."

"मंग ते चांगलंच कर बाबा."

तिनं स्वतः बाजारातून जाड्या मिठाचं पोतं आणलं. कोळसा डोक्यावर वाहून आणला, ओसरीत बसून बत्त्यानं फोडला, हात आणि नाकपुड्या काळ्या करून घेतल्या. पाईप तातेराव घेऊन आला होता, चांगला उंच, चकचकीत. खड्डा घ्यायच्या दिवशी मात्र मिरचीचा तोडा होता. ती पहाटेच बायका घेऊन खालच्या वावरात गेली. संध्याकाळी बोटांची आग होत घरी आली, तर गोठ्याच्या मागं सिमेंटचा छोटा चौकोन बांधून तयार होता, वर झाकण, झाकणाला भोक. खांबापासून पट्टी खाली त्याच्यात गेलेली.

"झालं अक्का," तातेराव हात धूत म्हणाला. "फक्त उन्हाळ्यात त्याच्यात पाणी टाकत जा. कोरडी पडली तर काम देत न्हाई."

तिनं ते मनावर घेतलं. त्या उन्हाळ्यात विहिरीनं तळ गाठला. पिण्याचं पाणी टँकरचं, म्हशींचं पाणी लांबच्या बोअरवरून. अंघोळी एक दिवसाआड झाल्या. सोनूबाई म्हणायची, "माणसाला न्हाई अन् तू भोकात वतून राह्यली." पण कौसल्यानं खंड पडू दिला नाही. रोज दिवस कलला की एक कळशी कमरेवर घेऊन ती गोठ्याच्या मागं जायची, झाकणाच्या भोकात हळूहळू धार धरायची. माती पाणी पिते तसा गुडगुड आवाज यायचा. जणू तिथं एखादं मुकं जनावर बांधलं होतं आणि तिच्याशिवाय त्याला पाजणारं कुणी नव्हतं. नवरा बाजेवर बसून बिडी ओढत असायचा. तो नुसता बघायचा.

भादव्यात पावसाची झड लागली. त्या सकाळी कौसल्या धारेची चरवी घेऊन निघाली, तोच नवऱ्यानं घरातलं बटण दाबून कुट्टीची मशीन चालू केली. गोठ्यातून एक आवाज आला. म्हैस ओरडते तसा नव्हता. छातीतली हवा कुणी एकदम पिळून काढावी तसा होता. तिनं चरवी टाकली आणि धावली. चांदी पुढच्या गुडघ्यांवर आली होती, मान खांबाकडं ओढल्यागत ताठ, साखळी ताणलेली, तोंडातून फेस. दुसरी म्हैस, मोरी, कासरा तोडून बाहेर पळाली होती. तिला बांधायला साखळी नव्हती, सुताचा कासरा होता, म्हणून वाचली.

कौसल्यानं साखळी सोडायला हात घातला. हाताची मागची बाजू खांबाला लागली एवढंच तिला कळलं. कुणीतरी छातीत लाथ घालावी तशी ती मागं फेकली गेली, शेणाच्या ढिगावर पडली. डोळ्यांपुढं पांढरं झालं. कानात नुसता घूं असा आवाज. त्यातून सोनूबाईची किंकाळी आली, "आरं करंट हाये! बंद कर, बंद कर!"

नवऱ्यानं बटण बंद केलं. मग तो आंगण ओलांडून आला. तोपर्यंत चांदीचा डोळा फिरला होता. तिची कास भरलेली होती, आणि सडातून आपोआप दूध ठिबकून कोब्यावरच्या पाण्यात मिसळत होतं.

कौसल्या सरपटत तिच्यापाशी गेली. पाठीवर तुऱ्हाटीचे वळ अजून दिसत होते. त्यावर हात फिरवत ती म्हणाली, "तू सांगत व्हतीस गं. तू सांगत व्हतीस अन् मी तुला मारलं."

वीज कार्यालयातून दुसऱ्या दिवशी ज्योत्स्ना मॅडम आल्या. तरुण बाई, पायात गमबूट, सोबत एक लाईनमन. आधी त्यांनी लाईन खांबावरूनच तोडायला लावली, मग गोठा फिरून पाहिला. मशीनची वायर जिथं खांबाला वळसा घालून येत होती तिथं घासून आतली तार उघडी पडलेली. मशीन चालू नसतानाही शेजारून गेलेल्या दिव्याच्या वायरीतून खांबात थोडा थोडा करंट उतरत असणार, असं त्या म्हणाल्या, आणि ओलीत जास्त. कौसल्यानं स्वतःच्या बोटांकडं पाहिलं. फडकं गुंडाळलेल्या हातात अजून ठणका होता.

"अर्थिंग कुठे आहे?" मॅडमनी विचारलं.

"हाये की," कौसल्या लगबगीनं पुढं झाली. "मागं हाये. म्या सोता कोळसा फोडला त्याचा. रोज पाणी टाकत व्हते उन्हाळाभर."

लाईनमननं पट्टी धरून ओढली. ती सहज हातात आली. टोक वाकवून नुसतं मातीत खुपसलेलं होतं. त्यानं पहारीनं झाकण उचकटलं, चौकोन फोडला. हातभर माती निघाली आणि पहार खणकन वाजली. खाली काळा खडक. पाईप नव्हता. कोळशाचा कण नव्हता, मिठाचा खडा नव्हता.

बघायला जमलेल्या लोकांत कुजबुज झाली. कुणीतरी हसलंही, "मंग पाणी कशाला पाजत व्हती ही?" कौसल्या त्या उथळ खड्ड्याकडं बघत राहिली. कमरेवर कळशीचा घट्टा होता, तिथं तिचा हात आपोआप गेला.

"बघ तुझा भाऊ," नवरा तिच्या कानाशी म्हणाला. "जमीन घेतली अन् वरून ही पाचर. बिलकुल भरोशाचा न्हाई निघाला."

ती रात्रभर तळमळली आणि उजाडताच काळीपिवळीत बसून धावड्याला गेली. रस्ताभर तिला वाटत होतं, तात्या म्हणेल की पाईप कुणी चोरला असेल, मी तर घातला होता. असं काहीतरी म्हणेल आणि आपण ते खरं मानू.

तातेरावाच्या नव्या घरापुढं त्याची बायको शालू पाणी शिंपडत होती. घराच्या कोपऱ्याला तसाच सिमेंटचा चौकोन होता, पण त्यातून उंच चकचकीत पाईप वर आला होता, तोंडावर नरसाळं बसवलेलं. कौसल्या तिथंच थबकली. तातेराव दात घासत बाहेर आला, तिला पाहून त्याचा हात तोंडातच राहिला.

"अक्का... चांदीचं कळलं मला. मी येणारच व्हतो."

"तो पाईप माझा हाये का?"

त्यानं चूळ भरली. शालू आत निघून गेली.

"खडक लागला व्हता अक्का. हातभरावर. मी म्हणलं, दोन दिस थांबू, मशीन आणून खडक फोडू, नाहीतर वावरात मऊ जागा बघून तिथून पट्टी आणू. बराबर करू. दाजीच म्हणले, राहू दे."

"खोटं बोलू नको."

"तुझी आन. दाजी म्हणले, कुठं आणखी काम लांबवतो, पट्टी खुपस अन् वरून झाकण बसव, तिला काय कळतंय. पाईप, कोळसा, मीठ पडून राह्यलं, तर तेबी म्हणले घेऊन जा."

कौसल्या आंगणातच खाली बसली.

"अन् तू बसवलंस झाकण."

"दाजीच्या शब्दाबाहेर कसं जायचं? तुझं घर हाये ते. उद्या तुलाच तरास झाला आसता."

"आरं, मंग पाणी टाकायला का सांगितलंस मला जाताना?"

तातेरावानं खाली बघितलं.

"सवयीनं निघून गेलं तोंडातून," तो म्हणाला. "सगळ्यालाच सांगतो मी ते."

शालूनं आतून चहा आणला. कौसल्यानं कपाला हात लावला नाही. माहेरच्या घरातून चहा न पिता ती पहिल्यांदाच उठली.

परतीच्या गाडीत एकेक गोष्ट तिला दिसायला लागली. गोठ्यात शिरताना नवरा कधी पायातली रबरी चप्पल काढायचा नाही. जुन्या गोठ्यात तो अनवाणीच वावरायचा, उलट तिला म्हणायचा, शेणात चपला कशाला खराब करती. नळ सोडायचा असला की तिला हाक मारायचा. चांदी तडफडत असताना तो बटण बंद केल्याशिवाय आंगणात उतरला नाही. आणि ती लाल औषधाची बाटली. रोज सकाळी, औषध घेतलं का. तिनं गाडी थांबवायला लावली आणि रस्त्याच्या कडेला, सोयाबीनच्या बांधावर ओकली.

घरी आल्यावर तिनं आरडाओरडा केला नाही. नवरा ओसरीत बसला होता, त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"तुम्हाला ठाऊक व्हतं."

त्यानं आधी नाही म्हणायला तोंड उघडलं. मग तिच्या तोंडाकडं बघून मिटलं.

"खडक लागला व्हता," तो म्हणाला. "तुला सांगितलं आसतं तर तू सुखानं बसू दिलं नसतं. कशाचं काय व्हतं, दुनियेत किती गोठे तसेच हायेत."

"मी रोज कळशी आणत व्हते. टँकरचं पाणी. तुम्ही बाजेवर बसून बघत व्हता."

"टाकत व्हती तर म्हणलं टाकू दे. तेवढंच तुझं समाधान."

"अन् मुंग्या येत्यात म्हणलं तर डाक्टर?"

त्यानं बिडी काढून पेटवायला घेतली. सोनूबाई दारात उभी होती. म्हातारी लेकाकडं बघत होती, डोळ्याला पदर न लावता.

मॅडम जबाब घ्यायला पुन्हा येणार, त्या सकाळी तातेराव मोटारसायकलवर हजर झाला. मेव्हणा-मेव्हणे लिंबाखाली कुजबुजले. आदल्या दिवसापर्यंत एकमेकांवर ढकलणारे दोघं आता खांद्याला खांदा लावून तिच्याकडं आले.

"जालन्याचा कुणी माणूस व्हता म्हण," नवरा समजावू लागला. "नाव ठाऊक न्हाई म्हण. अर्थिंगचं आपल्याला काय ठाऊक? झड व्हती, वरच्या लाईनीतून करंट आला असं म्हणलं तर म्हशीची भरपाईबी निघंल."

"माझं लायसन जाईल अक्का," तातेराव हात जोडून म्हणाला. "वीज कार्यालयात पर्मनंट व्हायची बारी हाये माझी. पोटावर पाय देऊ नको. तुझ्या कडेवर वाढलो मी."

कौसल्या मोरीच्या पुढ्यात चारा टाकत होती. तिनं दोघांकडंही पाहिलं नाही.

मॅडमनी आंगणात खुर्ची टाकली. पंच म्हणून गावातले दोघं, आजूबाजूच्या बाया, सोनूबाई. कौसल्या समोर खाली बसली, दुखरा हात मांडीवर घेऊन.

"गोठ्याची वायरिंग कुणी केली?"

"माझ्या भावानं. तातेरावानं. धावड्याच्या."

तातेरावानं "अक्का" म्हणून हळू हाक मारली. मॅडमनी लिहिलं.

"अर्थिंग केलेली नाही, हे घरात कुणाला माहीत होतं का?"

नवरा खाकरला. "न्हाई मॅडम, घरात कुणालाच..."

"तुम्हाला नाही विचारलं."

"व्हतं," कौसल्या म्हणाली. "माझ्या मालकाला ठाऊक व्हतं. त्यांनीच झाकण बसवायला सांगितलं."

"मालकांचं नाव?"

बाया चुळबुळल्या. कौसल्याच्या तोंडून ते नाव कधी कुणी ऐकलं नव्हतं. दवाखान्यात, बँकेत, रेशनच्या दुकानात, कुठंही ही वेळ आली की ती पदर तोंडाशी नेऊन बाजूच्या माणसाकडं बघायची आणि तो माणूस नाव सांगायचा. आताही सोनूबाईनं सवयीनं तोंड उघडलं. कौसल्यानं चांगला हात वर करून तिला थांबवलं.

"कडूबा," ती म्हणाली. आवाज आंगणभर गेला. "कडूबा फकिरबा गाढे. लिहा."

कडूबानं मान वर केली. परक्या गावात अचानक कुणी आपल्याला नावानं हाक मारावी, तसा त्याचा चेहरा झाला.

तिनं सही केली. मॅडमनी सांगितलं की वायरिंग खाजगी आणि चुकीची, त्यामुळं भरपाईचं काही होणार नाही. कौसल्यानं मान हलवली. तातेराव मोटारसायकलला किक मारून निघाला, बहिणीच्या दारातून तो मागं वळून न बघता गेला. पुढं महिन्याभरात त्याला नोटीस आल्याचं कानावर आलं. शालूनं फोनवर शिव्याशाप दिले, ते कौसल्यानं शेवटपर्यंत ऐकून घेतले.

जबाब दिला त्याच दिवशी दिवेलागणीला तिनं भाकरी थापल्या होत्या. सोनूबाईला ताट वाढलं, स्वतःचं घेतलं आणि दोघी चुलीपाशी जेवायला बसल्या. कडूबा ओसरीत वाट बघत बसला होता. बऱ्याच वेळानं तो दारात आला.

"माझं ताट?"

कौसल्यानं घास तोडला, चटणीला लावला.

"कडूबा," ती वर न बघता म्हणाली, "भाकरी टोपल्यात हाये. घे हातानं."